गामे (द्राक्षवाण)

गामे हा लाल वाइनसाठी लावला जाणारा काळ्या द्राक्षाचा फ्रेंच वाण असून फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताच्या दक्षिणेस, लिऑं शहराच्या उत्तरेला पसरलेला बोजोले हा टेकड्यांचा पट्टा त्याचे मुख्य क्षेत्र आहे. त्याचे पूर्ण नाव ‘पांढऱ्या रसाचा काळा गामे’ असे आहे. मण्याची साल काळसर जांभळी असली तरी आतला रस जवळजवळ रंगहीन असतो, त्यामुळे वाइनला येणारा सगळा रंग सालीतूनच उतरतो. चेरी, रासबेरी, स्ट्रॉबेरी अशा ताज्या फळांची आठवण करून देणाऱ्या लाल वाइनचे उदाहरण म्हणून या वाणाकडे पाहिले जाते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: फळाचा स्वाद म्हणजे गोडी नव्हे. गामेच्या वाइनमधील जवळजवळ सगळी साखर आंबून संपलेली असते. फळाची जाणीव होते ती गंधामुळे, टवटवीत आंबटपणामुळे आणि जिभेला तुरट लागणारे टॅनिन कमी असल्यामुळे.

पिनो आणि गुए ब्लां या दोन वाणांच्या नैसर्गिक संकरातून गामे निर्माण झाला, हे डीएनए परीक्षणातून सिद्ध झाले आहे. बर्गंडीतील लाल वाइनचा मुख्य वाण असलेल्या पिनो न्वारच्या आधी पिकणारा आणि त्याहून जास्त उतारा देणारा हा वाण शेतकऱ्यांना सोयीचा वाटला, पण बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने 1395 मध्ये त्याला बेइमान वेल ठरवून तो उपटून टाकण्याचा हुकूम काढला. चुनखडीच्या उत्तम जमिनी पिनोच्या वाट्याला गेल्या आणि गामे दक्षिणेकडील ग्रॅनाइटच्या हलक्या, आम्लधर्मी जमिनीत स्थिरावला. अपमान म्हणून घडलेले हे स्थलांतर प्रत्यक्षात त्याला मानवले, कारण अशा कमी कसाच्या जमिनीत त्याच्या अनावर वाढीला आपोआप आळा बसतो.

फळांचा स्वाद केवळ वाणातून येत नाही. तो आंबवण्याच्या रीतीतूनही घडतो, आणि बोजोलेचे खरे वैशिष्ट्य यातच आहे. सामान्यतः लाल वाइनसाठी मणी देठांपासून वेगळे करून फोडले जातात. बोजोलेत मात्र अख्खे घड टाकीत भरतात. तळाचे मणी वरच्या भाराने फुटतात, त्यांचा रस यीस्टमुळे आंबू लागतो आणि त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड टाकीतली हवा बाहेर ढकलतो. प्राणवायू न मिळालेल्या वरच्या अखंड मण्यांमध्ये यीस्टशिवाय, मण्याच्या स्वतःच्या विकरांमुळे किण्वन सुरू होते: मण्याच्या आतच सुमारे दोन टक्क्यांपर्यंत अल्कोहोल तयार होते, द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल बरेच घटते आणि गंधद्रव्ये निर्माण होतात. काही दिवसांनी घड दाबून रस काढतात आणि उरलेली साखर यीस्ट संपवते. साल रसात फार काळ भिजत नसल्याने टॅनिन थोडेच उतरते. या रीतीसाठी घड अखंड हवेत, म्हणून तोडणी हाताने करण्याची परंपरा तेथे टिकून आहे. पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीतील अशा किण्वनाचा अभ्यास मिशेल फ्लांझी या फ्रेंच संशोधकाने 1930 च्या दशकात केला.

त्याच हंगामातील द्राक्षांपासून काही आठवड्यांत तयार होणारी ‘बोजोले नूव्हो’ ही वाइन 1985 पासून दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस येते. केळ्यासारखा तिचा गंध बऱ्याच अंशी आयसोअॅमिल अॅसिटेट या द्रव्याचा असतो. जगभर झालेल्या तिच्या गाजावाज्यामुळे गामे म्हणजे घाईची, हलकी वाइन असा समज रूढ झाला आणि तो या वाणावर अन्याय करणारा आहे. बोजोलेच्या उत्तर भागातील फ्लरी, मोर्गाँ, मूलां-आ-व्हाँ, ब्रुयी अशा दहा नामांकित क्षेत्रांत याच द्राक्षापासून अधिक भरीव वाइन होते. तिच्या बाटलीवर बहुधा क्षेत्राचेच नाव ठळक असते. चांगली मोर्गाँ काही वर्षे मुरली की पिनो न्वारच्या जवळ जाते, आणि त्या बदलासाठी तेथील लोकांनी गावाच्या नावावरून एक क्रियापदच बनवले आहे.

गामेची वाइन किंचित थंड, साधारण 12 ते 14 अंश सेल्सिअसला दिली जाते. फ्रान्समध्ये ल्वार खोऱ्यातही हा वाण आहे, तर स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात तो पिनो न्वारसोबत ‘दोल’ या मिश्र वाइनमध्ये वापरतात. आपल्याकडे नाशिक परिसरात मात्र लाल वाइनसाठी मुख्यतः शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ लावतात. तेथील वाणांपैकी फळांच्या स्वादासाठी झिनफँडेल विशेष ओळखला जातो.