अनामत, दाखल अंक आणि सेस : बेळगावच्या वाचनालयांची पार्श्वभूमी

बेळगावात घरपट्टीबरोबर ग्रंथालय सेसही (वाचनालयांसाठीचा उपकर) भरावा लागतो, मूळ कराच्या ६ टक्के. बहुतेक जण हिशेब न बघता पैसे भरून मोकळे होतात आणि संध्याकाळी मराठी वाचनालयात पुस्तक बदलायला जातात. तिथे महिन्याची वर्गणी वेगळी. वाचनासाठी एकाच माणसाच्या खिशातून दोनदा पैसे का जातात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघू लागल्या. रत्नागिरीची १८२८ची, नगरची १८३८ची. १८४८ साली पुण्यात नगर वाचन मंदिराची सुरुवात झाली आणि त्याच साली बेळगावात सार्वजनिक वाचनालयाची. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. गावातल्या चार शिकलेल्या माणसांनी वर्गणी काढायची, कार्यकारिणी नेमायची, कार्यवाहाने हिशेब ठेवायचा आणि वर्षाला सर्वसाधारण सभेपुढे मांडायचा, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. अनामतही त्यातलीच. पुस्तक महाग, परत येईल याची खात्री नाही, म्हणून आधी पैसे ठेवून घ्यायचे. अनामतीपेक्षा जास्त किमतीचं पुस्तक घरी न देण्याचा नियम आजही कित्येक ठिकाणी आहे. एखादा जाडजूड कोश मागितला की 'इथंच बसून बघा' असं उत्तर मिळतं, त्यामागे हाच हिशेब असतो.

काउंटरमागचं खरं काम मात्र दाखल रजिस्टरात चालतं. नवीन पुस्तक आलं की त्याला दाखल अंक मिळतो. लेखक, प्रकाशक, किंमत, कुणाकडून घेतलं, बिलाचा नंबर, सगळं एका ओळीत. मग शिक्के. एक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि एक 'गुप्त पाना'वर. गुप्त पान म्हणजे त्या वाचनालयाने कायमचं ठरवलेलं आतलं एखादं पान. पहिलं पान फाडून पुस्तक रद्दीत गेलं तरी मालक सापडावा, यासाठी. (आमच्या लहानपणी सुट्टीत मदतीला बसणाऱ्या पोरांना ते पान आठवड्याभरात कळायचं. गुप्तपणा तेवढाच.) पुस्तक फाटून बांधणीपलीकडे गेलं किंवा गहाळ झालं तरी रजिस्टरातली ओळ खोडत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहितात आणि तो अंक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत.

असं एक जुनं रजिस्टर मी चाळलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाची खूण त्यात कुठेच नाही. ऑक्टोबरातल्या ओळीखाली नोव्हेंबरातली ओळ, तेच अक्षर, तीच शाई. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, त्याची खूण मात्र लगेच दिसते. किमतीच्या रकान्यातले आणे जाऊन तिथे पैसे येतात. राज्य बदलल्याचा परिणाम वाचनालयांपर्यंत पोचायला आणखी दहाएक वर्षं लागली.

म्हैसूर राज्याने सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ साली केला. त्यात सेस आला, स्वतंत्र खातं आलं आणि शासनाने स्वतः वाचनालयं चालवायची असं ठरलं. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात सेस नाही. लोकांनी काढलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान द्यायचं. तिकडे लोकांचीच वाचनालयं व्यवस्थेचा कणा झाली, इकडे सरकारी शाखा. बेळगावची जुनी मराठी वाचनालयं घडणीने तिकडची आणि कायद्याने इकडची. सेस आणि वर्गणी दोन्ही भरावे लागतात ते यामुळे. माझ्या मते सीमाप्रश्नाच्या चर्चेत या गोष्टीकडे जेवढं लक्ष जायला हवं होतं तेवढं गेलं नाही.

अर्थात कन्नड भागातल्या धारवाडशी बेळगावच्या वाचनालयांचा संबंध १९५६ला अचानक जुळला असं नाही. मुंबई सरकारने १९३९ साली कायदेपंडित फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयांच्या वाढीसाठी समिती नेमली होती. तिच्या योजनेतून विभागीय ग्रंथालयं झाली, त्यात कर्नाटक विभागाचं ग्रंथालय धारवाडलाच होतं.

मांडणीची गोष्ट निराळीच. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आणि कन्नडचा ८९४.८१४. क्रमांक भाषाकुळांवरून दिलेले, त्यामुळे बाजारात एकाच वाक्यात मिसळणाऱ्या या दोन भाषा कपाटात लांब जातात आणि मधे ८९२.७ला अरबी येते. म्हणून बऱ्याच वाचनालयांत ग्रंथपाल सरळ मराठी, कन्नड, इंग्रजी अशी कपाटं वेगळी करतात आणि आत कादंबरी, नाटक, चरित्र असे गट लावतात. वाचक तसंच मागतो.

खेड्यांतली ग्रामपंचायत ग्रंथालयं २०१९ला ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे गेली. आता पाटीवर 'अरिवु केंद्र' असतं (कन्नडमध्ये अरिवु म्हणजे ज्ञान). आमच्या बाजूच्या गावात ते उघडलं की कन्नड पेपर लगेच हाती येतो. मराठी 'तरुण भारत'साठी नंबर लावावा लागतो.