लांबूनच सोनं दाखवणारं मशीन बनवायचंय? आधी हे गणित बघा

शंभर मीटर लांबून, कधीकधी तर म्हणे किलोमीटरभर लांबून जमिनीतलं सोनं दाखवणारी मशीन्स बाजारात भरपूर आहेत, लाँग रेंज लोकेटर किंवा नुसतं एलआरएल म्हणतात त्यांना. हातात धरायची मूठ, पुढे फिरणारा अँटेना, एखादी फ्रिक्वेन्सी सेट करायची डायल, झालं मशीन. अनेक हौशी लोक घरी सर्किट जुळवून असं मशीन बनवायचा प्रयत्न करतायत आणि त्यात खरंच मेहनत घेतायत. ती मेहनत वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून हा लेख.

आधी साधा मेटल डिटेक्टर घ्या. त्याच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्यामुळे भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते धातूवर पडलं की धातूत भोवऱ्यासारखे करंट फिरायला लागतात, आणि त्या करंटचं स्वतःचं छोटंसं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं तेच आपण पकडतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन त्यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही. पण तत्त्व बरोबर होतं आणि आजही तेच चालतं.

आता खरी गोम. कॉइलचं क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने कमी होतं, आणि परत येणारा सिग्नल पुन्हा तिसऱ्या घाताने, म्हणजे एकूण सहावा घात. अंतर दुप्पट केलं की सिग्नल ६४ पट कमी! समजा एक नाणं २० सेंटीमीटरवर जेमतेम ऐकू येतंय, तेच नाणं २० मीटरवर ठेवलं तर अंतर १०० पट झालं आणि सिग्नल १०० चा सहावा घात, म्हणजे एक लाख कोटी पट कमी झाला. मग पॉवर वाढवू असं कोणीही म्हणेल. पण करंट लाख कोटी पट हवा असेल तर पॉवर त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे १ वॅटच्या जागी १ वर २४ शून्य इतके वॅट लागतील, आणि सूर्याची एकूण शक्तीच याच्या फक्त चारशे पटीच्या आसपास आहे. तेव्हा जास्त बॅटऱ्या लावून हा प्रश्न सुटणार नाही हे लक्षात घ्या.

कॉइल मोठी केली तर? थोडा फायदा होतो, मोठ्या कॉइलने पेटीएवढी वस्तू एक-दोन मीटर खोलवर सापडते, पण नाण्यासारखी छोटी वस्तू उलट हरवते आणि जमिनीतल्या खनिजांचा गोंगाट वाढतो. हेलिकॉप्टरला भलीमोठी कॉइल टांगून खनिजं शोधणारे लोक शेकडो मीटर खोल बघतात हे खरंय, पण ते शोधत असतात ते खनिजाचे साठेच शेकडो मीटर लांबरुंद असतात. आपला हंडा तेवढा नसतो ना.

एलआरएलवाले म्हणतात की आमचं मशीन सोन्याच्या ‘मॉलिक्युलर फ्रिक्वेन्सी’वर चालतं. अणूच्या केंद्रकाची चुंबकीय क्षेत्रात एक फ्रिक्वेन्सी असते हे विज्ञानात खरं आहे, पाण्यातल्या हायड्रोजनची पृथ्वीच्या क्षेत्रात ती साधारण २००० हर्ट्झ भरते. पण सोन्याचं केंद्रक या बाबतीत फारच कमजोर, मोठाले चुंबक लावून लॅबमध्येसुद्धा त्याचा सिग्नल पकडणं अवघड जातं, मग हातातल्या मशीनला जमिनीखालून कुठून मिळणार. दुसरा दावा असतो की जुनं सोनं आजूबाजूला आयन सोडतं. पण सोनं गंजत नाही, विरघळत नाही, म्हणून तर ते हजारो वर्षं तसंच राहतं!

मग अँटेना फिरतो तो कशाने? मूठ अगदी किंचित कलली की सैल रॉड लगेच वळतो, आणि मनात जे अपेक्षित असतं त्या दिशेने हात नकळत कलतो. याला आयडिओमोटर इफेक्ट म्हणतात, कार्पेंटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच तो सांगितला होता. धरणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटतं की रॉड आपोआप वळला. याची किंमत किती भयंकर असू शकते ते एडीई ६५१ ने दाखवलं. बॉम्ब शोधायचं मशीन म्हणून इराकने ते कोट्यवधी डॉलर देऊन घेतलं आणि चेकपोस्टवर वापरलं. आतल्या कार्डात दुकानातल्या चोरी रोखणाऱ्या टॅगसारखा एक टॅग निघाला, बाकी काही नाही. ते विकणारा जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून स्वतःचं मशीन बनवत असाल तर टेस्ट नीट करा. एकसारखे १० डबे, एका माणसाने चिठ्ठी काढून कुठल्यातरी डब्यात अंगठी ठेवायची आणि खोलीतून निघून जायचं, म्हणजे तिथे उरलेल्या कोणालाच उत्तर माहीत नाही, मग तुम्ही मशीन घेऊन आत या. असं २० वेळा करा आणि प्रत्येक वेळचं उत्तर लगेच लिहून ठेवा. नुसत्या नशिबाने २ बरोबर येतील. १० बरोबर आले तर नशिबाने तसं होणं लाखात एकदाही नाही, तेव्हा नक्की पुढे जा. मालकाला जागा माहीत असताना केलेले व्हिडिओ मात्र काहीच सिद्ध करत नाहीत.

लांबून शोधणारं एक साधन मात्र खरंच आहे, मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र. पृथ्वीचं क्षेत्र साधारण ५०,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि टनभर लोखंड ३० मीटरवर असेल तर त्यात साधारण १ नॅनोटेस्लाचा फरक पडतो, तो हे यंत्र पकडतं. हे चालतं कारण यात फक्त ऐकायचं असतं, सिग्नल पाठवायचा नसतो, त्यामुळे सहाव्या घाताऐवजी तिसराच घात भोवतो. सोनं-चांदी याला दिसत नाही, पण बुडालेल्या जहाजाचे नांगर दिसतात. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेलं आतोचा हे स्पॅनिश जहाज खजिने शोधणाऱ्या मेल फिशरच्या टीमने असेच मॅग्नेटोमीटर बोटीमागे ओढत शोधलं, मुख्य खजिना १९८५ मध्ये मिळाला. आणि त्यातही आधी ते भलत्याच ठिकाणी शोधत होते, स्पेनमधल्या सेव्हिलच्या दप्तरखान्यात युजीन लायन या इतिहासकाराने जुने स्पॅनिश कागद वाचले तेव्हा कळलं की जागा शंभरहून जास्त किलोमीटर दूर आहे. कुठल्याही अँटेनाने एवढी रेंज कधी दिलेली नाही.

सर्किटची आवड असलेल्यांनी माझ्या मते आता इथेच डोकं लावावं. रेंज वाढत नसेल तर वेग वाढवा. ड्रोनला मॅग्नेटोमीटर टांगून, तो जमिनीपासून मीटर-दोन मीटरवर राहील असा, सेकंदाला ५ मीटर वेगाने, एक एक मीटर सोडून ओळी मारल्या तर तासाला जवळपास पावणेदोन हेक्टर जमीन बघून होते. अडचण एवढीच की ड्रोनच्या मोटरमध्येही चुंबक असतात, त्यामुळे सेन्सर दोरीने काही मीटर खाली सोडावा लागतो आणि मग तो वाऱ्याने झुलतो, ते झुलणं डेटामधून कसं काढायचं यावर अजून बरंच काम करण्यासारखं आहे.