गढूळ पाण्यात रोबोट बोट आंधळी होते?

"बिनमाणसाची बोट तळाचे फोटो काढून खोली सांगते, म्हणून उजनीसारख्या गढूळ पाण्यात ती निकामी," असं कुणालाही वाटू शकतं. समज तसा स्वाभाविकच, पण खोली मोजतो तो आवाज. बोटीच्या बुडाखालून निघालेला ध्वनी तळावर आपटून परततो. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. ४ मिलिसेकंदांत परतला, तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे खोली ३ मीटर. गढूळपणाने यात फारसं बिघडत नाही. तळाचा मऊ गाळ मात्र आकडा थोडा फसवतो. कोकणातल्या उथळ, खडकाळ खाड्यांत माणसं घेऊन बोट घालणं धोक्याचं, तिथेही हीच युक्ती. पडताळायचं तर होडीतून वजन बांधलेली दोरी सोडा. ओली झालेली लांबी टेपने मोजा आणि त्याच जागच्या यंत्राच्या आकड्याशी ताडून बघा.