संदर्भमोजणीची पार्श्वभूमी: जनुकशास्त्रापासून सुरू झालेला हिशेब

जनुकशास्त्रातील एखाद्या संशोधकाच्या कामाची ओळख करून देताना शोधनिबंधांची संख्या, त्या निबंधांना मिळालेली एकूण सायटेशन्स (म्हणजे इतर निबंधांनी दिलेले त्यांचे संदर्भ) आणि या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स हे तीन आकडे आज हमखास पुढे केले जातात. हे आकडे ज्या पद्धतीतून निघतात, ती पद्धत सुरुवातीला जनुकशास्त्राच्याच साहित्यावर अजमावून पाहण्यात आली होती. त्या वेळी कोणाचे मूल्यमापन करणे हा तिचा हेतू नव्हता, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

मूळ कल्पना वकिलीच्या व्यवसायातली आहे. एखाद्या न्यायनिवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला आणि तो निवाडा अजून ग्राह्य आहे की फिरवला गेला आहे, हे दाखवणाऱ्या ‘शेपर्ड’ नावाच्या सूची अमेरिकेतील वकील १८७३ पासून वापरत होते. माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध लिहून हीच रीत वैज्ञानिक साहित्याला लावावी, असे सुचवले. विषयवार सूचीत निबंध कोणत्या मथळ्याखाली जाईल हे सूचीकाराच्या समजुतीवर अवलंबून असते; संदर्भसूचीत मात्र जुन्या निबंधाची नोंद उघडली की त्याचा उल्लेख करणारे नवे निबंध तिच्याखाली ओळीने सापडतात, आणि त्या जुन्या निबंधावर पुढे टीका झाली असेल तर तीही नजरेतून सुटत नाही. सदोष किंवा कालबाह्य माहिती डोळे झाकून पुढे चालवली जाऊ नये, ही गारफिल्ड यांची मुख्य तळमळ होती.

जिवाणूंच्या आनुवंशिकतेवरील कामासाठी १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले जोशुआ लेडरबर्ग यांनी ही कल्पना उचलून धरली. त्यांच्या पाठिंब्याने आणि अमेरिकी सरकारी संस्थांच्या अर्थसाहाय्याने १९६३ मध्ये जनुकशास्त्रापुरती एक प्रायोगिक संदर्भसूची प्रसिद्ध झाली. पाठोपाठ सर्व विज्ञानशाखांसाठी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. त्याच्या १९६१ या वर्षासाठीच्या पहिल्या अंकात ६१३ नियतकालिकांतील सुमारे १४ लाख संदर्भ होते. १९६४ मध्ये गारफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या शोधाचा इतिहास निवडून एक चाचणी घेतली. मेंडेलपासून जनुकीय संकेत उलगडणाऱ्या निरेनबर्गपर्यंतच्या ४० टप्प्यांमधील जे दुवे इतिहासलेखकाने जुळवले होते, ते निबंधांमधील प्रत्यक्ष संदर्भांशी कितपत जुळतात हे त्यांनी ताडून पाहिले. बरेचसे दुवे जुळले, सगळे जुळले नाहीत.

न जुळणाऱ्या दुव्यांतच खरी मेख आहे. मेंडेल यांनी १८६५ मध्ये ब्रनो येथे वाचलेला आणि १८६६ मध्ये छापून आलेला निबंध १९०० पर्यंत जवळपास अलक्षित राहिला. आजच्या मोजपट्टीने पाहिले असते, तर त्या ३४ वर्षांत त्यांची कामगिरी नगण्यच ठरली असती. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ च्या डीएनएवरील निबंधात अवघे सहा संदर्भ आहेत, आणि आनुवंशिकतेचे वाहक द्रव्य डीएनए असल्याचे दाखवणारा एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांचा १९४४ चा निबंध त्या सहांत नाही. उलट प्रकारची गळतीही होते: एखादे ज्ञान पाठ्यपुस्तकात स्थिरावले की त्याच्या मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज कोणालाच वाटत नाही, आणि डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा उल्लेख करणारे असंख्य लेखक १९५३ च्या निबंधाचे नावही घेत नाहीत.

सर्वाधिक संदर्भ मिळतात ते बहुधा पद्धतींना. डीएनएचा क्रम वाचण्याची सँगर आणि सहकाऱ्यांची १९७७ मधील पद्धत आणि जनुकक्रमांची तुलना करणारी ‘ब्लास्ट’ ही १९९० मधील संगणकप्रणाली यांचे निबंध विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत निबंधांत मोडतात. कारण साधे आहे: जो ते साधन वापरतो, तो त्याचा संदर्भ देतो. त्यामुळे प्रयोगशाळेचे हत्यार घडवणाऱ्याच्या आणि एखाद्या दुर्मीळ विकाराचे जनुक शोधणाऱ्याच्या आकड्यांची तुलना करून फारसे काही हाती लागत नाही.

शोधासाठी बनवलेले हे साधन मोजपट्टी झाले ते टप्प्याटप्प्याने. १९७५ पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर नियमित प्रसिद्ध होऊ लागले. हा आकडा नियतकालिकातील निबंधांना मिळालेल्या संदर्भांची सरासरी सांगतो, त्यात छापलेल्या एकेका निबंधाची किंमत सांगत नाही. तरीही समित्यांनी तो व्यक्तींना चिकटवला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी व्यक्तीसाठी एच-इंडेक्स सुचवला. किमान २० संदर्भ मिळालेले २० निबंध असतील, पण किमान २१ संदर्भ मिळालेले २१ नसतील, तर तो २० भरतो. ज्याचे एकूण पाचच निबंध आहेत त्याचा एच-इंडेक्स, त्यांपैकी एकाला दहा हजार संदर्भ मिळाले असले तरी, पाचाच्या वर जाऊ शकत नाही. शिवाय हा आकडा कधी घटत नाही, त्यामुळे वयाने मोठ्या संशोधकाला त्याचा आपसूक लाभ होतो.

दरम्यान खुद्द जनुकशास्त्राची कामाची रीत पालटली. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला तो मोठ्या गटांच्या नावे, आणि फळमाशीच्या जनुकसंचावरील २०१५ च्या एका निबंधावर तर १,०१४ लेखकांची नावे आहेत, त्यांतील ९००हून अधिक पदवीपूर्व विद्यार्थी. मोजणीच्या नेहमीच्या रीतीत असा निबंध प्रत्येकाच्या खाती पूर्णच्या पूर्ण जमा होतो. आकडा कुठून घेतला यानेही फरक पडतो: स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही संदर्भ मोजणारी दोन्ही साधने २००४ मध्ये आली आणि त्यांची व्याप्ती वेगवेगळी असल्याने एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स दोन्हीकडे निराळा दिसतो. म्हणूनच स्रोत आणि तारीख न देता उद्धृत केलेला एच-इंडेक्स मला तरी अपुरा वाटतो.

व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मधील बैठकीतून पुढे आला. त्यानंतर अनेक नियतकालिकांनी कल्पना, प्रयोग, विदा-विश्लेषण, लेखन अशा १४ भूमिकांच्या ठरावीक यादीनुसार प्रत्येक लेखकाचा वाटा निबंधासोबतच छापण्यास सुरुवात केली. निबंधागणिक होणाऱ्या या नोंदींचे प्रतिबिंब एच-इंडेक्समध्ये मात्र कुठेच पडत नाही.