चारशेचे राउंड म्हणजे फार्टलेक नव्हे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, दोन भरत्या सुरू होतात. एक पाण्याची, ती दिवसातून दोनदा येतेच. दुसरी पोरांची. ही पहाटे साडेपाचला येते, हेडफोन लावून येते आणि आठ दिवसांत तिला ओहोटी लागते. जी पोरं टिकतात, त्यांतल्या एकाची वही परवा माझ्या हातात आली. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: ‘आज फार्टलेक. ४०० गुणिले ६. मध्ये २ मिनिटं रेस्ट.’

फार्टलेक आणि इंटरव्हल या पळण्याच्या सरावाच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि पोराने लिहिलंय ते चारशे मीटरचं इंटरव्हल. हे म्हणजे ‘आज कडक उपवास, दुपारी कोंबडी-वडे’ असं लिहिण्यासारखं आहे. पण पोराला काय बोलणार? त्याला शिकवणाऱ्यानेच तसं सांगितलंय. अकरावी-बारावीची पोरं शारीरिक शिक्षणाच्या पेपरात जे पाठ करून लिहितात तेही याच चालीचं असतं: थांबून थांबून पळलं की इंटरव्हल, न थांबता हळू-जोरात पळलं की फार्टलेक. दिसायला सोपं, लक्षात ठेवायला बरं, आणि चूक.

इंटरव्हल काय ते वेगळं सांगायला नको. चारशेचे राउंड मारले नाहीत असं पोर मैदानावर सापडणार नाही. ठरलेलं अंतर, ठरलेला वेग, ठरलेली आवर्तनं, मध्ये ठरलेली विश्रांती. बस. फार्टलेक स्वीडनचं. तिथले प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी १९३०च्या दशकात ते रूढ केलं. जंगलातल्या वाटांवर, चढउतारावर. स्वीडिश भाषेत ‘फार्ट’ म्हणजे वेग आणि ‘लेक’ म्हणजे खेळ. आपली लेक नव्हे. नावावर हसून घ्या एकदाचं. एक मैदानावर होतं आणि दुसरं मोकळ्यावर, एकाला स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, लागतात आणि दुसऱ्याला साधे बूट चालतात, हे फरक परीक्षेत लिहायला ठीक. प्रत्यक्षात त्यांनी काही अडत नाही.

अडतं ते थांबण्यापाशी. ‘थांबलं की इंटरव्हल’ हा नियम धरला तर एमिल झाटोपेक कुठे बसवायचा? १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं एकट्याने नेणारा हा चेक धावपटू चारशेची ढीगभर आवर्तनं करायचा आणि दोन आवर्तनांच्या मध्ये न थांबता २०० मीटर हळू पळत राहायचा. म्हणजे थांबणं नाहीच. मग ते फार्टलेक झालं का? मुळीच नाही. अंतर ठरलेलं, मधली हळू पळायची दौडही ठरलेली, आकडा ठरलेला. चौदावं आवर्तन नकोसं झालं म्हणून ते गाळायची सोय नाही. ते इंटरव्हलच.

उलट बाजूने बघा. फार्टलेक करताना एखादी मुलगी चढ संपल्यावर दम लागला म्हणून अर्धा मिनिट चालली, तर तिचं फार्टलेक मोडलं का? तेही नाही. फार्टलेकमध्ये चालायला बंदी नाही.

थांबणं-न थांबणं बाजूला ठेवा. विचारायचं एवढंच: पुढचा जोर कधी लावायचा आणि किती वेळ, हे ठरवतं कोण? घड्याळाने किंवा आधी लिहून ठेवलेल्या आकड्याने ठरवलं तर इंटरव्हल. पळणाऱ्याच्या अंगाने आणि पायाखालच्या जमिनीने ठरवलं तर फार्टलेक.

आमच्याकडे एक मुलगी असं पळायची, ते डोळ्यांसमोर आणा. सुरूच्या बनाच्या टोकापासून ओढून ठेवलेल्या पहिल्या होडीपर्यंत सुसाट. होडीपासून रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जाळं पसरलंय तिथपर्यंत अगदी रमत, कारण तिथे दोऱ्या असतात, पाय अडकतो. मग ओल्या वाळूवर उतरून बरंच लांब, बऱ्यापैकी वेगात. समोर कुत्रं आलं, वळून भुसभुशीत वाळूत चार ढांगा चढली, श्वास जमेपर्यंत हळू. मी तिला विचारलं, एकूण जोरात किती पळालीस? म्हणाली, ‘काय माहीत सर, पस्तीस मिनटां झाली एवढां खरां.’ याला म्हणतात फार्टलेक. हे वहीत ‘४०० गुणिले ६’ असं मांडताच येत नाही.

इंटरव्हलमध्ये नाव कशाचं आहे तेही बघून घ्या. नाटकाला जाता तेव्हा इंटरव्हल म्हणजे नाटक नव्हे; दोन अंकांमधली, बटाटेवड्याची वेळ. इथेही तसंच. इंटरव्हल हे पळण्याचं नाव नाही, पळण्याच्या मधल्या वेळेचं आहे. जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयाचे डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी ही पद्धत बांधली, तेव्हा त्यांचा सगळा डोळा या मधल्या वेळेवर होता. जोरात पळून नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची आणि मग ती १२०वर यायची वाट बघायची. दीड मिनिटाच्या आत आली तर पुढचं आवर्तन. नाही आली तर पळणं झेपण्यापेक्षा जास्त झालं, वेग किंवा अंतर कमी करा. गेर्शलरच्या शिष्याने, रुडॉल्फ हार्बिगने, १९३९मध्ये ८०० मीटरला १ मिनिट ४६.६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि तो १९५५पर्यंत टिकला. हे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, प्रत्येकाचं हृदय निराळं. पण विश्रांती हा औषधाचा डोस आहे, हा मुद्दा आजही पक्का आहे.

आणि आमची पोरं या डोसचं काय करतात? बाटली, मोबाइल, मग एक सेल्फी. दोन मिनिटांची पाच होतात. नाडी पार खाली जाते, अंग थंड पडतं आणि मग सहा सुटे चारशे मीटर पळून होतात. पूर्ण विश्रांती घेऊन केलेल्या आवर्तनांचीही एक पद्धत आहे, शंभर मीटरवाल्यांना ती लागते. पण भरतीच्या १,६०० मीटरची तयारी करताना नकळत तसं केलं तर दम वाढत नाही, फक्त वहीतले आकडे सुंदर दिसतात. नाडी मोजायला यंत्र नको. मानेवर दोन बोटं ठेवा, दहा सेकंद मोजा, सहाने गुणा. दहा सेकंदांत ३० म्हणजे १८०, २० म्हणजे १२०.

आता माझी स्वतःची चूक. एक अख्खा हंगाम मी पोरांकडून पुळणीवर इंटरव्हल करून घेतले. शाळेचं मैदान चिखलाचं होतं, समुद्र समोर होता, दोन काठ्या रोवल्या की चारशे मीटर तयार. एके दिवशी एक चांगला पळणारा मुलगा प्रत्येक राउंडला आठ-नऊ सेकंद मागे पडायला लागला. मी ओरडलो. तो तोंड पाडून घरी गेला आणि चार दिवस आला नाही. मग एक रापणकर काका मला म्हणाले, ‘मास्तर, आज तिथ कुठली ती बघितलीत?’

अष्टमी होती. कोकणात भरतीचा हिशोब लहान पोरालाही येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाचे पाऊण सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला पाणी वर, सगळी घट्ट वाळू बुडालेली, आणि पोरं कोरड्या भुसभुशीत वाळूत पळत होती. अशा वाळूत त्याच वेगाने पळायला कठीण जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते. पुनवेला किंवा अवसेला हेच गणित सव्वाअकराचं येतं, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी आणि डांबरी रस्त्यासारखी ओली पट्टी. आठवड्याभरात जमीनच बदलली, आणि मी दोन दिवसांचे सेकंद शेजारी शेजारी लिहून पोराला नावं ठेवत होतो.

म्हणून माझा हट्ट आहे. इंटरव्हल मोजलेल्या, न बदलणाऱ्या जमिनीवर करा. शाळेचं २०० मीटरचं खडू मारलेलं मैदानही चालेल. पुळण फार्टलेकला द्या. वाळू रोज बदलते हा इंटरव्हलमध्ये दोष, फार्टलेकमध्ये तोच गुण. पुळणीला समुद्राकडे उतार असतो तेवढा लक्षात ठेवा. जाताना एक पाय खाली राहतो, येताना दुसरा. नुसतं एका दिशेने पळून रिक्षाने परत येऊ नका, गुडघा बोलायला लागेल.

हा फरक नुसता नावापुरता नाही, कारण प्रशिक्षणाची तत्त्वं याच्यावरच लटकलेली आहेत. अतिभार (सवयीपेक्षा थोडा जास्त भार) आणि क्रमशः वाढ हे दोन शब्द सगळ्यांना पाठ असतात. पण वाढ करायची तर आधी मोजता आलं पाहिजे. इंटरव्हलमध्ये फिरवायला चार चाव्या आहेत: अंतर, वेग, आवर्तनं, विश्रांती. १,६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत काढायचे असतील तर चारशेला ८० सेकंद पडतात. पहिल्या आठवड्यात ८० सेकंदांची चार आवर्तनं, मध्ये दोन मिनिटं. मग पाच, मग सहा. सहा जमली की विश्रांती दीड मिनिटावर आणा. एका वेळी एकच चावी. दोन एकदम फिरवणारे उत्साही वीर महिन्याभरात नडगी धरून बसलेले मी पाहिलेत.

फार्टलेकमध्ये या चाव्या नाहीत. तिथे वाढवता येतो तो एकूण वेळ. फार तर वाट थोडी चढाची घ्यायची. त्यामुळे आळशी पोराला फार्टलेकमध्ये लपायला भरपूर जागा आहे, हे मी मान्य करतो. जोरात कधी पळायचं ते तूच ठरव म्हटलं की काहीजण कधीच ठरवत नाहीत. पण ज्याला अंगाचं ऐकता येत नाही, त्याला ते शिकवायला यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. वैयक्तिक भिन्नतेचं तत्त्व म्हणतात ते हेच: एकाच पुळणीवर दहा जणांची दहा फार्टलेकं होतात.

म्हणूनच शिट्टीवर घेतलेलं फार्टलेक मला बघवत नाही. वीस पोरांची रांग, सर शिट्टी मारणार, सगळ्यांनी सुटायचं, पुन्हा शिट्टी, सगळ्यांनी हळू. काहीजण याला फार्टलेकचा प्रकार मानतात, खुशाल मानोत. माझ्या लेखी ती कवायत आहे. ठरवायचं काम सरांकडे गेलं की खेळ संपला.

क्रम विचाराल तर नव्या विद्यार्थ्याला पहिले सहा आठवडे संथ लांब पळणं आणि आठवड्यातून एकदा फार्टलेक. घड्याळ घरी. त्यानंतर इंटरव्हल, आठवड्यातून दोनदा, दोघांमध्ये किमान ४८ तास. परीक्षा ठरलेल्या अंतराची आणि ठरलेल्या वेळेची आहे, पुरुषांना १,६०० आणि महिलांना ८०० मीटर, तेव्हा शेवटचे आठवडे इंटरव्हलशिवाय भागत नाही. नुसती फार्टलेकं करून भरतीला गेलेली पोरं पहिला राउंड मनाला येईल तसा पळतात आणि तिसऱ्यात संपतात.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर इंटरव्हल नकोच. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग गार होत नाही आणि विश्रांतीत नाडी १२०वर यायचं नाव घेत नाही. तेव्हा घड्याळाशी भांडण्यात अर्थ नसतो.

दर वर्षी कुणीतरी पाखाडीचं, म्हणजे चढावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेचं, विचारतंच. ‘सर, आमच्या वाडीत जांभ्याची पाखाडी आहे, तीवर पळतो. ते काय?’ मी विचारतो, किती वेळा चढायचं ते निघतानाच ठरवतोस? दहा वेळा जोरात वर, चालत खाली, असं ठरवलं असेल तर इंटरव्हल. पळून घरी जाताना पाखाडी आडवी आली, वर कुणीतरी आपल्याकडे बघत उभं होतं म्हणून धावत सुटलास, तर फार्टलेक. मागच्या वर्षी एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘सर, दहा ठरवतो, पण सातव्यालाच खाली बसतो.’ त्याला म्हटलं, उद्यापासून सहा ठरव.