छतावरचे दिवे: बंदिस्त हॉलमधल्या बास्केटबॉल छायाचित्रणाची पार्श्वभूमी

२ मार्च १९६२ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावी विल्ट चेंबरलेनने एकाच सामन्यात १०० गुण केले. एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, हा विक्रम आजही अबाधित आहे. पण त्या रात्रीचा जो फोटो सगळ्यांना आठवतो, तो खेळाचा नाही. सामना संपल्यावर चेंबरलेन ड्रेसिंग रूममध्ये ‘१००’ लिहिलेला कागद धरून बसला आहे, एवढंच त्यात दिसतं. तो टिपणारे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे पॉल व्हॅथिस त्या दिवशी निव्वळ प्रेक्षक म्हणून आले होते आणि विक्रमाची चाहूल लागल्यावर त्यांनी धावत जाऊन कॅमेरा आणला. मला हा फोटो फार मोलाचा वाटतो. तरी प्रत्यक्ष खेळाची चित्रं त्या काळात इतकी विरळ का, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर खेळाच्या जन्मातच आहे. बास्केटबॉल हॉलमध्येच जन्मला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी कडाक्याच्या थंडीत मुलांना आत खेळता यावं म्हणून तो रचला आणि सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या टांगल्या. हॉलमधला उजेड माणसाच्या डोळ्यांसाठी होता. डोळा अंधुक उजेडाशी जुळवून घेतो, फिल्मला ते जमत नाही.

साध्या शाळेच्या हॉलचा हिशोब पाहा. लेन्स एफ २.८ वर पूर्ण उघडली (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) आणि उडी गोठवायला १/५०० सेकंदाचा शटर धरला, तर आयएसओ, म्हणजे फिल्मची किंवा सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० ते ६४०० लागतो. कोडॅकची ट्राय-एक्स ही वृत्तछायाचित्रकारांची लाडकी फिल्म होती आयएसओ ४०० ची. तिच्यावर तोच शटर १/६० वर किंवा त्याहून खाली येतो आणि खेळाडूचा हात पुसून निघतो. मग फिल्म डेव्हलप करताना ‘पुश’ करून, म्हणजे जास्त वेळ धुऊन, १६०० पर्यंत ताणायची. ग्रेन (चित्रातले कण) जाड व्हायचं, सावल्या काळ्याठिक्कर पडायच्या, पण वर्तमानपत्रात चालून जायचं.

त्याआधी फ्लॅशबल्बचा जमाना होता. स्पीड ग्राफिक हा वृत्तछायाचित्रकारांचा अवजड कॅमेरा, होल्डरमध्ये दोनच फिल्मशीट आणि प्रत्येक फोटोला नवा बल्ब. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो, म्हणून छायाचित्रकार बास्केटखालीच बसायचे. जुन्या फोटोंत रिंगजवळचीच झटापट दिसते आणि मागे मिट्ट काळोख असतो, तो यामुळे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला व्यवहारात आणलं आणि छायाचित्रकार जोन मिली यांनी ‘लाइफ’ मासिकासाठी तो खेळ आणि नृत्य टिपायला वापरला. बल्ब बदलण्याचा खटाटोप संपला आणि लखलखाट इतका क्षणिक झाला की वेग आपोआप गोठू लागला.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रंगीत मासिकांना कोडाक्रोम ६४ सारख्या मंद, म्हणजे कमी आयएसओच्या, स्लाइड फिल्म हव्या होत्या, म्हणून मोठमोठे स्ट्रोब (इलेक्ट्रॉनिक फ्लॅश) थेट छताखालच्या मचाणांवर बांधले गेले. त्यांच्यापासून कॅमेऱ्यापर्यंत आधी वायर असायची, नंतर रेडिओ-संकेत आला. चित्रं झळझळीत निघायची, पण स्ट्रोब पुन्हा भरायला काही सेकंद लागत. म्हणजे एका चढाईला एकच फोटो, आणि तोही खेळाडू उडी मारण्याआधी ओळखून दाबलेला! ते कसब अफाट होतं. मात्र ज्याला छतावर चढायची परवानगी आणि पैसा होता, त्यालाच असा उजेड मिळे. गावच्या दैनिकाचा माणूस किंवा मुलीचा सामना टिपणारा बाप यांच्या वाट्याला धूसर चित्रंच येत.

ही दरी डिजिटल कॅमेऱ्याने बुजवली, तीही लगेच नाही. १९९९ च्या निकॉन डी१ ची मजल आयएसओ १६०० पर्यंतच होती. २००७ च्या डी३ ने ६४०० वर वापरता येण्याजोगं चित्र दिलं आणि तिथून छताची मक्तेदारी ढिली पडत गेली. आज एफ १.८ ची स्वस्त ८५ मिमी लेन्ससुद्धा एफ २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते.

एक त्रास मात्र मागे राहिला. हॉलमधले मेटल हॅलाइड दिवे (मोठ्या हॉलमध्ये वापरले जाणारे प्रखर दिवे) विजेच्या लयीत सेकंदाला १०० वेळा (अमेरिकेत १२० वेळा) मंद-तेज होतात. त्यामुळे ओळीने काढलेल्या फोटोंत एक पिवळट, दुसरा हिरवट, तिसरा अंधारा निघतो. २०१४ च्या कॅननच्या ७डी मार्क २ मध्ये त्यावर उपाय आला: कॅमेरा दिव्यांची लय ओळखतो आणि उजेड टिपेला पोचेपर्यंत शटर क्षणभर रोखून धरतो.