आयजीएम, आयजीजी आणि तापाचा कितवा दिवस : डेंग्यूच्या रक्ततपासणीची पार्श्वभूमी

दसरा उलटला की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गल्ल्यांतून दोन गोष्टी हमखास फिरतात, फराळाच्या याद्या आणि डेंग्यूचे रिपोर्ट. मागच्या मोसमात आमच्या वाड्यातल्या काकूंनी असाच एक कागद माझ्यापुढे धरला. त्यावर तीन ओळी होत्या : एनएस-वन निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. ताप येऊन जेमतेम दीड दिवस झाला होता. "दोन निगेटिव्ह, एकच पॉझिटिव्ह. म्हणजे बहुमताने डेंग्यू नाही, असंच ना रे?"

हसू आलं खरं, पण दोष काकूंचा नाही. त्या तीन ओळी तीन वेगवेगळ्या काळांतून आल्या आहेत, रक्ताला तीन वेगळे प्रश्न विचारतात आणि छापल्या मात्र जातात एकाच चौकटीत. गंमत म्हणजे कागदावर त्या ज्या क्रमाने येतात, त्याच्या बरोब्बर उलट क्रमाने त्या जन्मल्या. म्हणून गोष्ट शेवटच्या ओळीपासून, आयजीजीपासून सांगावी लागते. ती आणि आयजीएम या दोन्ही अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने रक्तात काढलेली प्रथिनं.

डेंग्यूचा विषाणू हाती लागला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली नागासाकीत रेन किमुरा आणि सुसुमु होत्ता यांनी रुग्णांचं रक्त उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून तो वेगळा केला. पाठोपाठ अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या आल्बर्ट सेबिन यांनी हवाई, न्यू गिनी आणि आपलं कलकत्ता इथल्या आजारी सैनिकांच्या रक्तातून तो मिळवला. पुढे पोलिओच्या तोंडाने द्यायच्या लसीमुळे जगाला माहीत झालेले सेबिन ते हेच. स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन त्यांनी पाहिलं, की एका जातीचा डेंग्यू होऊन गेलेल्याला तीच जात पुन्हा बाधत नाही, पण दुसरी जात काही महिन्यांनंतर खुशाल बाधते. १९५६ मध्ये मनिलात आणखी दोन जाती सापडल्या आणि हिशेब चारवर स्थिरावला. अँटिबॉडी तपासणीचा पुढचा सगळा गुंता चार या आकड्यात आहे. माणसाला डेंग्यू आयुष्यात चार वेळा होऊ शकतो, आणि रक्त मागचं विसरत नाही.

१९५८ साली क्लार्क आणि कॅसल्स यांनी एक तपासणी नीट बसवून दिली. डेंग्यूचा विषाणू पाळीव हंसाच्या तांबड्या पेशींत मिसळला की त्या पेशी एकमेकींना चिकटतात. रुग्णाच्या रक्तद्रवात विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर चिकटणं थांबतं. मग रक्तद्रव पातळ करत जायचा, १:१०, १:२०, १:४०, आणि कुठपर्यंत चिकटणं थांबतं ते टिपायचं. पण एका नमुन्यावरून फारसं कळत नसे, कारण त्या अँटिबॉडी परवाच्या की पाच वर्षांपूर्वीच्या, हे आकडा सांगत नव्हता. म्हणून नमुने दोन घ्यायचे, एक तापात आणि दुसरा दोनेक आठवड्यांनी. दुसऱ्यात प्रमाण चौपट झालेलं दिसलं तर ताप डेंग्यूचा. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत रुग्ण एकतर बरा होऊन कामाला लागलेला असे, किंवा त्याचे दिवस झालेले असत. डॉक्टरला त्याचा उपयोग शून्य. साथ कशाची होती हे मागाहून ठरवायला मात्र तिच्यासारखी पद्धत नव्हती.

आपल्याकडे ही कामं पुण्यात होत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर) आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये तिथे विषाणू संशोधन केंद्र काढलं. १९७८ पासून तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं 'एनआयव्ही'. १९६३-६४ मध्ये कलकत्त्यात तापाबरोबर रक्तस्राव होणारी साथ आली, तेव्हा रुग्णांत डेंग्यू आणि चिकनगुनिया दोन्ही निघाले. हे दोन विषाणू वेगळ्या घराण्यांतले, त्यामुळे अँटिबॉडीवरून त्यांना वेगळं करता येतं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाने गाव आडवं केलं होतं, पाहणीत ३७.५ टक्के लोकांना तो झालेला दिसला. त्यानंतर हा पाहुणा जवळपास बत्तीस वर्षं गप्प बसला. २००५ च्या अखेरीस परत आला, २००६ मध्ये देशभर जवळजवळ १४ लाख संशयित रुग्ण मोजले गेले, आणि तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांनी तो पुस्तकातच पाहिला होता.

आता मधली ओळ. संसर्ग झाल्यावर शरीर आधी आयजीएम नावाच्या अँटिबॉडी काढतं आणि त्या दोन-तीन महिन्यांत ओसरतात. आयजीजी मागून येतात आणि जन्मभर राहतात. म्हणजे फक्त आयजीएम पकडता आल्या तर दुसऱ्या नमुन्याची वाट बघायला नको. हत्यार मिळालं १९७१ मध्ये. स्टॉकहोममध्ये आणि नेदरलँड्समध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे एलायझा पद्धत काढली. डेंग्यूसाठी ती पक्की केली बँकॉकमधल्या अमेरिकी-थाई लष्करी प्रयोगशाळेने. १९८९ चा त्यांचा शोधनिबंध आजही या विषयातला मैलाचा दगड आहे.

ती चालते अशी. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. खळग्याच्या तळाशी माणसाच्या आयजीएमला धरून ठेवणारा पदार्थ आधीच लावलेला. त्यात रक्तद्रव घातला की सगळ्या आयजीएम, कशाच्याही विरुद्धच्या असोत, तळाला चिकटतात. बाकीचं धुऊन टाकायचं. मग डेंग्यूचं प्रतिजन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला ओळखते तो विषाणूचा अंश, घालायचं. त्याला ओळखणाऱ्या आयजीएम असतील तरच ते टिकेल. पुन्हा धुवायचं. मग खूण लावलेली अँटिबॉडी, मग विकर (एन्झाइम), शेवटी रंगद्रव्य. डेंग्यूचा खळगा निळा होतो, आम्ल घालून थांबवलं की पिवळा, आणि यंत्र तो पिवळेपणा आकड्यात मोजतं. सगळं मिळून चार-एक तास. एनआयव्ही असे संच बनवून सरकारी रुग्णालयांना पुरवते. अडचण एकच, आणि ती विज्ञानाची नाही : पाच नमुन्यांसाठी आख्खी प्लेट लावणं परवडत नाही, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला नमुने साठेपर्यंत थांबावं लागतं. "रिपोर्ट परवा मिळेल" या वाक्याचं मूळ पुष्कळदा इतकं साधं असतं.

पण आयजीएमलाही वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या दरम्यान साधारण निम्म्या रुग्णांत ती दिसते, पाचव्यापर्यंत ८० टक्क्यांत, दहाव्यापर्यंत ९९ टक्क्यांत. दीड दिवसाच्या तापात आयजीएम निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ जवळपास काहीच होत नाही. त्यात दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्याचं शरीर नव्याने आयजीएम काढण्याचा फारसा त्रास घेत नाही, जुन्या ओळखीवर भराभर आयजीजी काढतं. साठच्या दशकात बँकॉकमधल्या मुलांवर काम करताना स्कॉट हॉलस्टेड यांच्या ध्यानात आलं होतं, की गंभीर रुग्णांत दुसऱ्यांदा संसर्ग झालेल्यांचाच भरणा जास्त आहे. पहिल्या जातीविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्या जातीला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे ज्याच्याकडे डॉक्टरने सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, त्याचीच आयजीएम मिणमिणती असू शकते.

ग्वाल्हेरकरांना या इतिहासात प्रेक्षक म्हणून बसायचं कारण नाही. जिवाजीराव महाराजांच्या काळातल्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून पुढे १९७३ मध्ये आपली डीआरडीई उभी राहिली. संरक्षण खात्याची, रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून बचावाचं काम करणारी संस्था. गावातल्या पुष्कळांना तिची पाटी आणि भिंत तेवढी माहीत. पण २००१ च्या पावसाळ्यानंतर गावात डेंग्यूची साथ आली, तेव्हा नमुने तपासून तिचा छडा लावला तो याच भिंतीआड. अँटिबॉडी तपासल्या, विषाणू वेगळा केला, जात दुसरी निघाली, आणि २००२ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्यावर निबंध आला. पट्टी बुडवून करायची एलायझा आणि झटपट कार्ड टेस्ट यांची पारखही इथल्या मंडळींनी त्याच सुमाराला केली होती. आज कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये वीस मिनिटांत दोन रेघा दाखवणारं कार्ड निघतं, त्याच्या आरंभीच्या परीक्षकांत आपल्या गावचे लोक आहेत, हे मला तानसेन समारोहाइतकंच सांगण्यासारखं वाटतं.

साथ इथे का रुजते, हे कोणाही गृहिणीला ठाऊक आहे. तिघऱ्याच्या धरणात पाणी कमी पडलं की नळ एक दिवसाआड येतो, मग हौद, टाक्या, पिंपं, बादल्या सगळं भरलेलं. त्यात उन्हाळाभर चाललेला कूलर ऑक्टोबरपर्यंत खिडकीतच. एडिस डासाची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. असो, हा वेगळा विषय.

१९९६ च्या दिल्लीतल्या साथीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर आणि विशेषतः २००६ नंतर सरकारने ठिकठिकाणच्या रुग्णालयांत मोफत एलायझाची सोय उभी केली, आणि त्यांच्यावर मोठ्या प्रयोगशाळा नेमल्या. डीआरडीई त्यांपैकी एक. कागदावरची पहिली ओळ, एनएस-वन, शेवटी आली. ही अँटिबॉडी नव्हेच. ते विषाणूने रक्तात सोडलेलं स्वतःचं प्रथिन. २००० च्या सुमारास ते मोजायची पद्धत निघाली आणि २०१० मध्ये ती सरकारी कार्यक्रमात आली. पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत एनएस-वन, पुढे आयजीएम, अशी वाटणी तेव्हापासून आहे. कार्डावरच्या रेघेला सरकारी हिशेबात पक्का डेंग्यू मानत नाहीत, एलायझा लागते. वर्तमानपत्रातला आकडा आणि आपल्या आळीतला आकडा जुळत नाही, त्याचं एक कारण हे. लोक मात्र लगेच "आकडे दडवले" म्हणून मोकळे होतात.

राहिली काकूंची आयजीजी. २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत १२,३०० लोकांचं रक्त तपासून आयसीएमआरने पाहिलं, की ५ ते ४५ वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांत डेंग्यूच्या आयजीजी आहेत. ५ ते ८ वर्षांच्या मुलांत २८.३ टक्के, १८ च्या पुढे ५६.२ टक्के. यातल्या पुष्कळांना आपल्याला डेंग्यू होऊन गेल्याचा पत्ताही नसणार. चार दिवस अंग मोडून आलं, काढा घेतला, संपलं. अशा देशात मोठ्या माणसाची एकटी आयजीजी पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा जुनी आठवण असते. ती डेंग्यूचीच असेल असंही नाही. जपानी मेंदूज्वर, झिका ही डेंग्यूची चुलत भावंडं, आणि अँटिबॉडी त्यांच्यात गल्लत करतात. २०१८ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात भोपाळ-विदिशाकडे झिकाचे रुग्ण निघाले, तेव्हापासून ही शंका नुसती पुस्तकी राहिलेली नाही.

एवढी जुनी ओळ, पण तिला अलीकडे नवीन काम लागलं. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली आणि पुढच्याच वर्षी कळलं, की आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना त्या लसीनंतरचा पहिला संसर्ग जास्त जड जाऊ शकतो. हॉलस्टेड यांचंच गणित, सुईतून आलेलं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की ही लस द्यायची तर आधी रक्तात जुन्या अँटिबॉडी आहेत का ते बघा.

काकूंना मी एवढंच म्हटलं, की बहुमत चालत नाही, आणि निगेटिव्हवरही इतक्यात विसंबू नका. पाणी, सरबत घेत राहा, पोटात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा, क्रोसिनशिवाय दुसरी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. सहाव्या दिवशी त्यांचा मुलगा दुसरा नमुना द्यायला गेला. फॉर्मवर एक रकाना होता, 'ताप सुरू झाल्याची तारीख'. आधीच्या फॉर्मवर तो कोणी भरलाच नव्हता.